कामी आलेले तीन

मी वाढलो सोलापुरात, नवी पेठेत. वडील एका कापडाच्या दुकानात गुमास्ते होते. मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालो आणि पहिलीच नेमणूक झाली ती सांगोल्याच्या पलीकडच्या एका कोरड्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, उगाच गावाला कशाला हसवा?

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. मास्तर मी एकटाच. वय एकवीस, मिशी नुकतीच आलेली, आणि इंग्रजीची दोन पुस्तकं झालेली. या दोन पुस्तकांमुळे गावात माझा फार मोठा गैरसमज पसरला होता. कुठलाही छापील कागद आला, मग तो बियाणाच्या पिशवीवरचा का असेना, की पाटील म्हणायचे, "मास्तरांस्नी दावा. त्ये इंग्रजी शिकल्यात." मीही कधी नाही म्हणालो नाही.

तेव्हा जर्मनची लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. या गावातून एकोणीस जण लढाईला गेले होते. सतरा परत आले, दोघं तिकडंच राहिले. परत आलेल्यांनी येताना काही ना काही आणलं होतं. एकानं लोकरीची कानटोपी आणली होती, ती तो चैत्राच्या उन्हातही घालून बसायचा. एकानं पितळेचा डबा आणला होता. एकानं नुसतं हिंदुस्थानी बोलणं आणलं होतं आणि त्याच्या जोरावर तो स्वतःला हवालदार म्हणवून घेत होता. गावही त्याला हवालदार म्हणायचं. फक्त त्याची बायको म्हणायची, "हवालदार हायेत तर मग माज्या भाकरीत रोज खोड कशी निगती?" तिच्या या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

एक दिवस मामलेदार कचेरीतून कागद आला. ज्या ज्या गावातून माणसं लढाईला गेली, तिथं सरकार आठवणीचा दगड बसवणार आहे. तरी किती गेले, किती मेले, मेलेले कुठल्या कामावर होते आणि कशानं मेले, हे भरून पाठवावं. कागदाच्या एका बाजूला मराठी होती, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी बाजू भरली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी इंग्रजी बाजू भरायला घेतली.

चावडीच्या ओट्यावर मी दौत-टाक घेऊन बसलो. दवंडी पिटली होती, तसे लोक येऊन सांगत गेले. आधी सुतारीण म्हातारी आली. तिचा एकुलता एक मुलगा गेला होता. ती खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माजा एक. तापानं ग्येला म्हनं." तेवढंच. 'म्हनं' यासाठी, की तिला फक्त पत्र आलं होतं, आणि पत्रात तेवढंच होतं. दुसरा जो गेला त्याचं घरच गाव सोडून टेंभुर्णीकडं गेलं होतं. त्याची माहिती पाटलांनी सांगितली.

मी दोनाचा आकडा लिहिणार, तेवढ्यात एक धनगरीण आली. काखेत मेंढीचं कोकरू, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"आमचं बी एक ग्येलं की, मास्तर."

मी मान वर केली. "कोण गेलं, मावशी?"

"आमचं लेकरू." तिचा आवाज एवढा बसला की काखेतलं कोकरूसुद्धा गप्प झालं. "बसऱ्याला ग्येलं. लई गुनाचं हुतं रं."

तिनं नावही सांगितलं. त्या नावाचे चारजण तरी त्या गावात अजून असतील, त्यांना वाईट वाटेल म्हणून ते लिहीत नाही. माझ्या मनात मात्र काही आलं नाही.

"काय काम करायचं तिथं?"

"वझं व्हायचं. दुसरं काय येतंय त्येला?"

मी 'लेबर' असं लिहिलं.

"आणि गेलं कशानं?"

"पोट फुगून. घाण पानी प्यालं आन फुगलं. आमच्या मालकाच्या मांडीवर मान टाकली बग त्येनं."

"म्हणजे तुमचे मालकही लढाईवर गेले होते?" मी विचारलं.

"त्ये त्येच्यापायीच ग्येले. त्येला येकल्याला कसं लावून द्यायाचं? कुनाच्या हातनं खायाचं न्हाय, ऐकायचं न्हाय."

पोराच्या काळजीनं बाप लढाईवर गेला! माझे डोळे भरून आले. अक्षर दिसेना. मी उपरण्यानं डोळे पुसले, बाप आधीच्या एकोणिसांत असणारच असं धरून पोरापायी एकोणिसाचे वीस केले, दोनाचे तीन केले, आणि पाटलांपुढं कागद ठेवला. पाटील इंग्रजी कागदाकडं विंचवाकडं बघावं तसं बघायचे. त्यांनी मान दुसरीकडं करून खाली मोडीत सही ठोकली. कागद गेला.

पुढं सात-आठ महिन्यांनी दगड आला. बैलगाडीत गवतावर निजवून आणला होता आणि उशाला एक पाथरवट बसला होता. सोलापूरचा तेलुगू माणूस. मराठी बोलायचा, पण प्रत्येक वाक्य प्रश्न असल्यासारखं वर उचलायचा. चावडीसमोर त्यानं कट्टा बांधला आणि त्यात पांढरी पाटी बसवली. वर इंग्रजी, खाली मराठी. सगळं गाव जमलं. मी मोठ्यानं वाचलं, "या गावातून महायुद्धास वीस माणसे गेली. त्यांपैकी तीन कामी आली."

हवालदार पुढं आला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"तीन कामी आली? आन आमी? आमी काय तितं गोट्या खेळत हुतो?"

"अहो, तसं नव्हे—"

"वीस ग्येली, तीन कामाची निगाली. म्हंजी सतरा बिनकामाची! दगडावर कोरून सांगितलंय सरकारनं!"

कानटोपीवाल्यानं टोपी काढून आपटली. पितळी डब्यावाला म्हणाला, असला दगड माझ्या दारासमोर नको. त्याचं घर चावडीच्या समोरच होतं. मी हात जोडून समजावत होतो, "कामी आले म्हणजे मेले. रणात मेले. तशी बोलण्याची रीत आहे."

"मंग मेले असं ल्ह्यावं की सरळ!" हवालदार ओरडला. "म्हनं कामी आले! तीन वर्सं म्या पहाटं उटून शंबर शंबर मानसाच्या भाकऱ्या थापल्या, आन माजं काम—"

तो मध्येच थांबला. पण उशीर झाला होता. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. मागून त्याची बायको शांतपणे म्हणाली, "तरीच."

त्या दिवसापासून दगडाबद्दलचा राग थोडा कमी झाला, कारण गावाला दुसरा विषय मिळाला. बायकांनी तर तो दगड लगेच आपलासा केला. दुसऱ्या दिवशी पाटीला हळद-कुंकू लागलेलं होतं. कुणीतरी नारळ फोडला होता. एका म्हातारीनं पाटलांना विचारलं, "ह्यो कंचा द्येव?" पाटलांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सरकारी." तिला ते पटलं. तिनं प्रदक्षिणा घातली.

उद्घाटनाला प्रांतसाहेब स्वतः येणार असा निरोप आला. त्याच्या आधी चार दिवस धनगरणीचा मालक मेंढरं सोडून गावात आला. उंच, हडकुळा, डोक्याला लाल पागोटं. दगडासमोर उकिडवा बसला आणि मला म्हणाला, "काय ल्हिवलंय, मास्तर?"

मी वाचून दाखवलं. त्यानं बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"तीन कशी? दोन की. सुताराचं पोरगं येक, आन त्यो दुसरा."

मला वाटलं, दुःखानं माणसाला विसर पडतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, तुमचं लेकरू धरून तीन."

"माजी लेकरं? दोगं बी मेंढरामागं हायेत. काल तर मारामारी केली दोगांनी."

"मग बसऱ्याला जे गेलं... वझं वाहायचं ते... तुमच्या मांडीवर..."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दगडाकडं बघितलं. मग परत माझ्याकडं.

"मास्तर," तो म्हणाला, "त्ये आमचं तट्टू."

आणि तो हसायला लागला. असा हसला, की पागोटं सुटून त्याचं टोक दगडाच्या पायरीपर्यंत गेलं. मी तिथंच पायरीवर बसलो. मराठीतलं लेकरू आणि मराठीतलं तट्टू, दोन्ही 'ते'. व्याकरण मी रोज पोरांना शिकवत होतो.

मग त्यानं सगळी हकीकत सांगितली. लढाईच्या वेळी सांगोल्याच्या बाजारात लष्कराचे लोक तट्टं घ्यायला आले होते. याचं तट्टू त्यांना पसंत पडलं, पण तट्टाला ते पसंत पडले नाहीत. आगगाडीच्या डब्यात चढेना. एका नालबंदाचा दंड चावला, एका शिपायाची टोपी खाल्ली. धनगर पुढं चालला की मात्र निमूट मागं जायचं. शेवटी तिथला गोरा अंमलदार वैतागून म्हणाला, "तू भी चढो." हा चढला. अंगठा घेतला, खाकी कपडे दिले, आणि गाडी सुटली. तट्टू भरती झालं म्हणून धनी भरती झाला. घरी बायको वाट बघत होती. तिनं बाजारातून मीठ आणायला सांगितलं होतं. हा अडीच वर्षांनी परत आला, आणि मीठ विसरला.

मी धावत पाटलांकडं गेलो. सरकारी दगडावर तट्टू कोरलं गेलं, हे ऐकून पाटलांनी तोंडातलं पान गिळून टाकलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि आम्हा चौघांना आत बसवलं: मी, हवालदार, कट्ट्याच्या उरलेल्या कामासाठी गावातच थांबलेला पाथरवट आणि कानटोपीवाला. हवालदाराला आता सगळे लांगरी, म्हणजे पलटणीचा आचारी, म्हणत होते, तरी बुद्धीसाठी बोलावलं होतं.

"खोडून टाका," पाटील पाथरवटाला म्हणाले. "तिनाचं दोन करा."

पाथरवटानं मान हलवली. "कोरलेलं कमी होत नाय, पाटील? वाढतंय फक्त? इंग्रजी तीन हाय, त्येचं आठ होईल? आठ करू?"

"आनखी पाच मानसं कुटनं मारू मी?" पाटील ओरडले.

मग कानटोपीवाला म्हणाला, "मला मेल्यांत धरा."

पाटलांनी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"न्हाय, खरंच. मला काय न्हाय. साहेब आला की म्या घरात बसतो. नाव माजं सांगा."

त्याच्या बायकोला बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माजी काय हरकत न्हाय." ती इतक्या पटकन बोलली की कानटोपीवाल्याला जरा लागलं. पण पाटलांनी त्याला नीट समजावलं, की मेला की मेला. उद्यापासून चावडीवर तंबाखू मागायला यायचं नाही, पंगतीला बसायचं नाही, आणि शिमग्याला तर अजिबात दिसायचं नाही. शिमग्याचं नाव काढल्यावर त्यानं मरणाचा बेत सोडला.

शेवटी ठरलं ते असं, की साहेब येईल त्या दिवशी धनगर-धनगरणीला गावाबाहेर ठेवायचं, आणि तिसऱ्याबद्दल कुणी विचारलंच तर घर उठून गेलं म्हणून सांगायचं. पाटील स्वतः धनगरणीला सांगायला गेले.

"माज्या लेकराचा दगुड, आन मीच नगं?" ती म्हणाली.

"साहेब वाईट असतोय गं."

"असू दे की. माजा मालक काय चांगला हाय व्हय?"

तरी दोघं मेंढरांकडं गेले. 

साहेबाच्या दिवशी चावडीपुढं आंब्याची तोरणं लावली. दगडावर पडदा हवा होता. माझं नवं उपरणं त्या कामाला गेलं. ते दोरीनं बांधायचं काम लांगऱ्यानं मागून घेतलं. "पलटणीची गाठ मारतो," तो म्हणाला. "वादळात सुटत न्हाय."

प्रांतसाहेब घोड्यावरून आले. तरुण, लालबुंद, नाकाची साल निघालेली. मागून बैलांच्या दमणीतून मामलेदार आले, धुळीनं पांढरे झालेले. साहेब मराठीची परीक्षा पास झालेला होता आणि ती त्याला फार आवडत होती. त्यानं मराठीत भाषण केलं. "हे ग्रामस्थहो, तुमच्या शूर पुत्रांनी बादशहाकरिता प्राण वेचिले," असं काहीसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं दोरी ओढली.

काही झालं नाही. परत ओढली. दोन्ही हातांनी ओढली. बूट कट्ट्याला लावून ओढली. माझं उपरणं फक्त आवळत गेलं. लांगरी कौतुकानं म्हणाला, "बगा! म्या म्हनलो न्हवतो?"

मामलेदारांनी दात-ओठ खाल्ले. पाटील चाकू शोधायला लागले. तेवढ्यात गर्दीतून एक उंच माणूस पुढं आला, कमरेची मेंढरं कातरायची कातर काढली आणि एका झटक्यात दोरी कापली. उपरण्याचाही एक कोपरा गेला. दगड उघडा झाला. माणसाच्या डोक्याला लाल पागोटं होतं.

साहेब खूश झाला. "शाबास! हा मनुष्य कोण?"

पाटील काही बोलायच्या आत गर्दीतून धनगरीण म्हणाली, "माजा मालक हाय. आन त्यो दगुड आमच्या लेकराचा."

साहेबानं टोपी काढली. मी पाटलांकडं बघितलं. पाटलांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"बाई," साहेब हळूच म्हणाला, "तुझा पुत्र शूर होता काय?"

"पुत्र? मला पुत्र दोन. त्ये मेंढरामागं हायेत."

"तिला कमी ऐकू येतं, साहेब," पाटील म्हणाले.

"कुनाला कमी ऐकू येतंय?"

साहेब जरा गोंधळला, पण त्यानं सोडलं नाही. "मग युद्धात मृत झाले, ते कोण?"

"लेकरावानीच हुतं की. माज्या हातनं हरबरं खायाचं."

"त्याचे वय काय होते?"

"सात."

"सत्तावीस?"

"सात वं, सात! दुदाचं दात पडून लई दिस झालं हुतं."

साहेबाचा लाल चेहरा पांढरा पडला. तो मामलेदारांकडं वळला. "सात वर्षांचे बालक? सैन्यात?" मामलेदार पाटलांकडं वळले. पाटील माझ्याकडं वळले. माझ्यामागं कुणी नव्हतं. तिथं एक शेळी होती, मी तिच्याकडं वळलो.

"आणि ते बालक काय काम करी?" साहेबानं विचारलं.

"वझं व्हायचं. दोन मन तर हसत न्यायचं."

"दोन मण!"

"चढावर जरा कमी," धनगरीण प्रामाणिकपणे म्हणाली.

इथं धनगराला राहवलं नाही. त्यानं पाय जोडून, लष्करात शिकवलेला सलाम ठोकला. "साब, तट्टू हाय त्ये. तट्टू हुतं."

साहेबाला तो शब्द माहीत होता. जिल्ह्यात हिंडणाऱ्या प्रत्येक साहेबाला तो शब्द माहीत असतो. मी पुढं झालो, कारण आता मागं राहण्यात अर्थ नव्हता, आणि सगळं सांगितलं: इंग्रजी बाजू, लेकरू, लेबर, सगळं. मला वाटलं, नोकरी गेली. साहेबानं माझं ऐकून घेतलं आणि धनगराला विचारलं, "तुझ्या तट्टाचा नंबर होता काय?"

धनगरानं नंबर घडाघडा सांगितला. खुरावर डागलेला, तुकडीसकट.

"आणि तुझा स्वतःचा नंबर?"

धनगरानं डोकं खाजवलं. "त्यो ध्यानात न्हाय, साब. माजा कोन इचारत न्हवतं."

साहेब हसला. मामलेदार लगेच हसले. मग पाटील. मीही हसायला सुरुवात केली आणि कुणी बघत नाही असं पाहून थांबलो.

"ते कसे मेले ते सांग," साहेब म्हणाला.

धनगर सांगू लागला. आधी तो साहेबाला सांगत होता, मग त्याचं तोंड हळूहळू दुसरीकडं वळलं. "बसऱ्याच्या वर गुडघा गुडघा चिक्कूल हुता. गाड्या रुतल्या. आमच्या सुताराचं पोरगं त्याच पलटणीत गाड्यांच्या कामाला. त्येला ताप भरला. डोळं लाल. दवाखाना दोन दिसाच्या वाटंवर. डोलीला मानसं न्हवती. म्या वझं उतरीवलं आन पोराला तट्टावर घातलं. माजं तट्टू कुनाला अंगाला हात लावून देत न्हवतं, साब. पर त्या दोन दिसांत त्येनं मान बी झटकली न्हाय. पाय असं टाकायचं, जसं काय दुदाचा हंडाच घेऊन निगालंय. वाटंत चांगलं पानी न्हवतं. मानसाला प्याला डब्यातलं हुतं, त्येला चिकलातलं. दवाखान्यात पोचलो. पोराला गादी भेटली, पांढरी चादर भेटली. म्या तितंच हुतो. तिसऱ्या दिशी पोरगं ग्येलं. आन चवथ्या दिशी तट्टू फुगलं."

सुतारीण म्हातारी खांबाला धरून उभी होती. ती पुढं आली. साहेब आहे, मामलेदार आहेत, तिला काही दिसत नव्हतं. ती धनगराला म्हणाली, "तू हे इतकी वर्सं बोलला न्हाइस."

"तू इचारलं न्हाइस, म्हातारे. आन मला वाटलं, पत्रात आलं आसंल."

"गादी हुती?"

"हुती की. मऊ."

"पानी मागितलं त्येनं?"

"मागितलं. म्या पाजलं. डब्यातलं, चांगलं."

ती पदरानं नाक पुसून माझ्याकडं वळली. "मास्तर, किती ल्हिवलंय त्यावर?"

"तीन," मी म्हणालो.

"मंग तीनच ऱ्हाऊ द्या. कुनी हात लावायचा न्हाय."

ती हे साहेबाला म्हणाली नाही, पण साहेबानं मान डोलवली. तो मामलेदारांना म्हणाला, "दगड आहे तसा राहू द्यावा. तट्टू हेही सरकारचे नोकर होते. आपणास काही आक्षेप?" मामलेदारांना साहेबासमोर आक्षेप असण्याची सवय नव्हती. जाताना साहेबाच्या घोड्याला धनगरणीनं ओटीतले हरभरे चारले आणि त्याचे दात बघून साहेबाला वय सांगितलं. घोडा विकणाऱ्यानं साहेबाला वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं, असं निघालं. तो जरा उदास होऊनच गेला.

महिन्याभरानं मला शाळाखात्याकडून एक लखोटा आला.  आत एवढंच होतं, की मास्तरांनी 'आपले उपयोगी प्राणी' हा धडा स्वतः पुन्हा वाचावा व मग शिकवावा. मी वाचला. धडा गाईवर होता.

परत आलेल्या सतरा जणांची समजूत मात्र पटायला तयार नव्हती. तट्टू कामी आलं आणि आम्ही नाही, म्हणजे दुहेरी अपमान, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी चावडीच्या भिंतीवर चुन्यावर गेरूनं लिहून दिलं, "या गावातून जाऊन परत आलेले १७. हेही कामाचेच." लांगऱ्यानं ते दहा वेळा वाचून घेतलं. पावसाळ्यात अक्षरं गेली की दसऱ्याला तो मला परत लिहायला लावायचा.

धनगराची हकीकत पुढं गावात वाढत गेली. बाजाराच्या दिवशी लोक त्याला धरून बसवायचे, आणि तोही माणूसच. दुसऱ्या वर्षी तट्टानं नदी पोहून पार केली. तिसऱ्या वर्षी त्यानं एका तुर्काला लाथ घालून पाडलं. माझी बदली सोलापूरला झाली त्या सुमारास ते एका तोफेला ओढत चाललं होतं आणि जर्मनच्या बादशहानं दुरून दुर्बिणीतून बघून विचारलं होतं, हे तट्टू कुठलं? सुतारीण म्हातारी दर बाजाराला येऊन बसायची. तिला सगळं खोटं कळत होतं. ती तोफ, तुर्क, बादशहा सगळं ऐकून घ्यायची, पोरांबरोबर हसायचीसुद्धा. आणि सगळं संपून लोक उठायला लागले की धनगराच्या गुडघ्याला बोट लावून म्हणायची, "आता खरं सांग. चादर पांढरी हुती न्हवं?"

"पांढरी," तो म्हणायचा. "परटानं नुकतीच धुतल्यावानी."

मग ती उठून घरी जायची, भाकरी टाकायला.